भरतीची वेळ, विजेची वेळ

मराठीतील ‘वेळ’ हा शब्द संस्कृत ‘वेला’ या शब्दावरून आला. या मूळ शब्दाचे अर्थ कोशात पाहू गेल्यास काळ हा एक अर्थ आढळतो. पण त्याच्या जोडीला सीमा, समुद्रकिनारा आणि भरतीचे पाणी हेही अर्थ नोंदलेले असतात. इंग्रजीतील ‘टाइड’ हा शब्दही मुळात काळवाचक होता; भरती-ओहोटी हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. एकमेकींपासून इतक्या दूरच्या दोन भाषांनी पाण्याचे चढणे-उतरणे आणि काळाचे सरणे एकाच शब्दात बांधावे, याचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. होडी केव्हा लोटायची, शिंपल्या केव्हा वेचायच्या, खाडी पायी केव्हा ओलांडायची, हे सारे किनाऱ्यावरच्या माणसासाठी पाणीच ठरवत असे. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा ठोकताळा जुना आहे. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास.

असे हे घड्याळ कधी बंद पडत नाही आणि वर्षानुवर्षे आधी वाचता येते. चार दिवसांनी वारा किती वाहील हे सांगताना वेधशाळा चाचरते. परंतु अमुक बंदरात अमुक वर्षी अमुक दिवशी भरती केव्हा येईल, हे आजच कागदावर मांडून ठेवता येते. त्यातून कोट्यवधी टन पाणी दिवसातून दोनदा उचलले जाते आणि दोनदा खाली सोडले जाते. एवढी शक्ती, तीही इतकी वक्तशीर, डोळ्यांसमोर असताना माणसाने तिच्यापासून भरपूर वीज का बरे निर्माण केली नाही? आज जगात भरतीवर चालणारी मोठी वीजकेंद्रे दोनच आहेत : फ्रान्समधील रान्स नदीच्या मुखावरचे २४० मेगावॉटचे केंद्र (१९६६) आणि दक्षिण कोरियातील सिहवा सरोवराचे २५४ मेगावॉटचे केंद्र (२०११). दोन्हींची एकत्रित क्षमता ४९४ मेगावॉट भरते. चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्रातील मोठ्या संचांपैकी एकेक संच ५०० मेगावॉटचा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा तोकडेपणा कळतो.

या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा यंत्रशास्त्रात शोधले जाते. परंतु गेल्या शंभर वर्षांचा इतिहास वाचू लागल्यावर असे दिसते की यंत्रांची अडचण बरीच आधी सुटली होती. खरी अडचण वेळेची होती. चंद्राची वेळ, भांडवलाची वेळ आणि खाडीची वेळ या तीन वेळांचा मेळ बसणे दुर्घट होते, आणि जिथे तो बसवला गेला तिथे कोणाला तरी त्याची किंमत मोजावी लागली. प्रस्तुत लेखात हा मेळ न बसण्याचा इतिहास थोडक्यात मांडण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम शक्तीचे गणित पाहू. खाडीच्या तोंडावर बंधारा घालायचा, भरतीचे पाणी जलद्वारांतून आत घ्यायचे, ओहोटी लागली की दारे बंद करून पाणी अडवून धरायचे आणि बाहेरची पातळी पुरेशी खाली गेली की ते टर्बाइनमधून सोडायचे, ही त्याची साधी रीत. यात मिळणारी ऊर्जा भरती-ओहोटीच्या पातळ्यांमधील फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. कारण फरक दुप्पट झाला की अडवलेले पाणीही दुप्पट होते आणि ते सरासरी दुप्पट उंचीवरून पडते. एक चौरस किलोमीटरच्या जलाशयात चार मीटर पाणी अडवले, तर एका ओहोटीत सिद्धांततः सुमारे २२ हजार युनिट ऊर्जा मिळते. आठ मीटर अडवले तर सुमारे ८९ हजार. म्हणजे निम्मी भरती असलेल्या किनाऱ्याला चौथाई वीज. मुंबईला उधाणाच्या दिवसांत हा फरक साधारण चार मीटरच्या आसपास असतो, दक्षिण कोकणात आणि गोव्यात तर दोनेक मीटरच. उलट फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर रान्सच्या मुखाशी तो सरासरी ८.२ मीटर आणि कमाल साडेतेरा मीटर आहे. जगाचा किनारा लाखो किलोमीटरचा असला, तरी भरतीच्या विजेला मानवणाऱ्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या उरतात, त्या या वर्गाच्या नियमामुळे.

जागेची मर्यादा ही पहिली. वेळेची मर्यादा दुसरी. चंद्राचा दिवस आपल्या दिवसाहून सुमारे ५० मिनिटांनी मोठा असतो. त्यामुळे भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. आज संध्याकाळी सातला, दिवे लागण्याच्या ऐन वेळी, वीज मिळाली तर आठवड्याने त्याच वेळी पाण्याची नेमकी उलट अवस्था असेल. पौर्णिमा-अमावास्येला उधाण येते, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. भांगाच्या दिवसांत पातळ्यांमधील फरक निम्म्यावर आला, तर वर्गाच्या नियमाने ऊर्जा चौथाईवर येते. म्हणजे कारखान्यांनी आणि घरांनी पंचांग पाहून वीज वापरावी, असे हे गणित सांगते. अशी वीज वक्तशीर खरी, पण आज्ञाधारक मुळीच नव्हे.

यंत्रयुगापूर्वीच्या माणसाला ही गोष्ट अडचणीची वाटली नाही. उत्तर आयर्लंडमध्ये स्ट्रँगफर्डच्या सागरी खाडीत नेंड्रम नावाचा एक जुना ख्रिस्ती मठ आहे. तेथील उत्खननात भरतीच्या पाण्यावर चालणाऱ्या दळणाच्या चक्कीचे अवशेष मिळाले आणि तिच्या लाकडातील वर्षवलयांवरून तिचा काळ इसवी सन ६१९ असा निश्चित झाला. पुढे मध्ययुगात इंग्लंडच्या आणि फ्रान्सच्या किनाऱ्यांवर अशा अनेक चक्क्या झाल्या. रान्सच्या खाडीतही त्या होत्या. आपल्या शालेय पुस्तकांत सूर्य, वारा आणि भरती यांना ‘अपारंपरिक’ ऊर्जास्रोत म्हणण्याची पद्धत होती. चौदाशे वर्षांपूर्वीच्या या चक्कीकडे पाहिले की त्या विशेषणाची गंमत वाटते. परंतु चक्कीवाल्याचे जीवन कसे होते, हे इथे लक्षात घेतले पाहिजे. ओहोटी मध्यरात्री लागली तर तो मध्यरात्री उठे आणि दळे. दुपारी लागली तर दुपारी. पीठ साठवून ठेवता येते, त्यामुळे ते केव्हा दळले गेले याच्याशी भाकरी खाणाऱ्याला कर्तव्य नसे. विजेच्या युगाने नेमकी हीच सवलत काढून घेतली. बटण दाबणाऱ्याची वेळ सार्वभौम झाली आणि समुद्राने तिच्याशी जुळवून घ्यावे अशी अपेक्षा सुरू झाली.

ही अपेक्षा सर्वांत चिकाटीने पुरी करू पाहणारा देश म्हणजे फ्रान्स. १९२५ साली ब्रिटनीमध्ये आबेर व्राक येथे भरतीच्या विजेचा एक प्रकल्प हाती घेतला गेला. पैसा न मिळाल्यामुळे तो १९३० मध्ये सोडून द्यावा लागला. त्यानंतर या कल्पनेला शास्त्रीय पाया देण्याचे काम रोबेर जिब्रा (१९०४–१९८०) या अभियंत्याने केले. जिब्रा हे विलक्षण गुंतागुंतीचे व्यक्तिमत्त्व होते. १९३१ मध्ये त्यांनी उत्पन्नातील आणि उद्योगांच्या आकारातील विषमतेसंबंधी मांडलेला नियम अर्थशास्त्रात आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. १९४२ मध्ये ते जर्मनांपुढे नमलेल्या व्हिशी सरकारात दळणवळण खात्याचे मंत्री होते. आणि युद्धानंतर भरतीच्या ऊर्जेचे सर्वांत मोठे सिद्धांतकार म्हणून त्यांची ओळख झाली. बंधाऱ्याची लांबी आणि त्यातून मिळणारी वार्षिक वीज यांचे गुणोत्तर जितके लहान, तितकी जागा चांगली, ही त्यांनी दिलेली कसोटी आजही वापरली जाते. त्या कसोटीवर रान्सची खाडी उत्तम ठरली : तोंड अरुंद, आत २२ चौरस किलोमीटरचा विस्तार आणि भरती युरोपातील मोठ्या भरत्यांपैकी एक.

१९४६ मध्ये फ्रान्सने वीजउद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले. खाजगी भांडवल ज्या गोष्टीला कचरत होते ती सरकारला करता येईल, अशी परिस्थिती त्यामुळे निर्माण झाली. १९६१ मध्ये रान्सवर काम सुरू झाले. सँ मालो आणि दिनार या दोन गावांना जोडणारा सुमारे ७५० मीटर लांबीचा बंधारा उभा राहिला. त्यात प्रत्येकी १० मेगावॉटची २४ यंत्रे बसवली गेली. २६ नोव्हेंबर १९६६ रोजी राष्ट्राध्यक्ष शार्ल द गोल यांनी केंद्राचे उद्घाटन केले. ही यंत्रे पाण्यात बुडालेल्या मोठ्या कंदांसारखी आहेत. जनित्र त्या कंदाच्या पोटात असते. पाणी कोणत्याही दिशेने आले तरी ती वीज निर्माण करू शकतात, आणि गरज पडली तर उलटी फिरून पंपाचे काम करतात. भरती पूर्ण झाली की बाहेरचे आणि आतले पाणी जवळजवळ एका पातळीवर असते. अशा वेळी थोडी वीज खर्चून आणखी पाणी आत उचलले जाते. हे पाणी उचलताना जेमतेम हात-दोन हात चढवावे लागते. पण काही तासांनी ओहोटी खोल गेल्यावर तेच पाणी कित्येक मीटर उंचीवरून पडते. खर्चापेक्षा परतावा अधिक मिळतो, आणि मुख्य म्हणजे विजेची वेळ थोडी मागेपुढे करता येते. चंद्राच्या घड्याळाशी माणसाने केलेली ही सर्वांत हुशारीची तडजोड म्हणावी लागेल.

रान्सचे केंद्र यशस्वी झाले यात शंका नाही. दरवर्षी सुमारे ५० कोटी युनिट वीज ते देत आले आहे, आणि बांधकामाचा खर्च केव्हाच फिटला असल्यामुळे ही वीज स्वस्त पडते. तरीही या आकड्याच्या आत डोकावले की चंद्राची सत्ता जाणवते. २४० मेगावॉटची यंत्रे वर्षभर अखंड चालली असती, तर २१० कोटी युनिट मिळाले असते. प्रत्यक्षात मिळतात ते त्याच्या चौथाईच्या आसपास. उरलेला वेळ यंत्रे पाण्याची वाट पाहतात.

आता खाडीच्या वेळेकडे वळू. समुद्रात काँक्रीट ओतण्यासाठी कोरडी जागा हवी होती. त्यासाठी तात्पुरते बांध घालून १९६३ ते १९६६ अशी सुमारे तीन वर्षे रान्सची खाडी समुद्रापासून तोडली गेली. दिवसातून दोनदा श्वास घेणाऱ्या जलाशयाचा श्वास रोखला गेला. खारेपणा घटला, गाळ बसला, भरतीवर जगणारे समुद्री जीव आणि वनस्पती मोठ्या प्रमाणात नष्ट झाल्या. केंद्र सुरू होऊन पाणी पुन्हा खेळू लागल्यावर जीवसृष्टी परतली, पण तिला नवे संतुलन साधायला सुमारे दहा वर्षे लागली. आणि परतलेली खाडी पहिली खाडी नव्हती. काही जातींचे मासे गेले ते गेलेच, माकुळांसारखे जीव पुन्हा आले. पाण्याचा चढउतार कमी झाला, सरासरी पातळी वाढली आणि प्रवाह मंदावलेल्या वरच्या भागात गाळ साचण्याचा प्रश्न आजतागायत चालू आहे. १९६० च्या दशकात पर्यावरणाचा हिशेब मांडण्याची रीतच नव्हती; तेव्हा तो मांडला असता तर रान्सचा बंधारा झाला असता का, हा प्रश्न उरतोच.

रान्सनंतर मोँ-सँ-मिशेलच्या विशाल उपसागरात याच्या अनेक पट मोठा प्रकल्प उभारण्याचे स्वप्न फ्रेंच अभियंते पाहत होते. ते स्वप्नच राहिले. १९७३ च्या तेलसंकटानंतर फ्रान्सने १९७४ मध्ये अणुऊर्जेचा प्रचंड कार्यक्रम स्वीकारला. अणुभट्टी नदीकाठी कुठेही उभारता येते, आणि तिला तिथी विचारावी लागत नाही. रान्सचे केंद्र त्यामुळे एका परंपरेचा आरंभ होण्याऐवजी एकुलते एक अपत्य ठरले.

फ्रान्सने एकदा बांधले आणि थांबले. ब्रिटनने मात्र शंभर वर्षे विचारच केला. वेल्स आणि इंग्लंड यांच्यामधील सेव्हर्न नदीच्या मुखाशी भरती-ओहोटीतील फरक १४ मीटरपर्यंत जातो. तिथे बंधारा घालण्याची पहिली सूचना १८४९ मध्ये टॉमस फुलजेम्स यांनी केली होती. अर्थात तेव्हा डोळ्यांसमोर वीज नव्हती, जहाजे होती. विजेसाठीचा सरकारी अभ्यास १९२५ मध्ये सुरू झाला आणि १९३३ च्या अहवालाने ८०० मेगावॉटची योजना सुचवली. पुढे विश्वरचनाशास्त्रातील कामासाठी प्रसिद्ध असलेले गणितज्ञ हर्मन बॉंडी यांच्या समितीने १९८१ मध्ये प्रकल्प शक्य असल्याचा निर्वाळा दिला. १९८९ च्या आराखड्यात ८,६४० मेगावॉटची क्षमता आणि वर्षाला सुमारे १,७०० कोटी युनिट वीज धरलेली होती. २००८ ते २०१० या काळात सरकारने पुन्हा अभ्यास केला, आणि मोठ्या बंधाऱ्याचा खर्च ३० अब्ज पौंडांच्या वर जाईल असे दिसल्यावर ऑक्टोबर २०१० मध्ये माघार घेतली. सेव्हर्नपासून जवळच स्वान्सी उपसागरात ३२० मेगावॉटचे कृत्रिम सरोवर बांधण्याची लहान योजना पुढे आली. तिला सरकारनेच नेमलेल्या अभ्यासाने २०१७ मध्ये अनुकूल मत दिले, आणि २०१८ मध्ये सरकारने ती महाग म्हणून नाकारली.

या दीर्घ अनिर्णयाला ब्रिटिशांचा स्वभाव म्हणून हसण्यावारी नेणे सोपे आहे. पण त्याच्या तळाशी भांडवलाच्या वेळेचा प्रश्न आहे. बंधारा शंभर वर्षे टिकतो, इंधन काहीही लागत नाही, त्यामुळे एकंदर हिशेबात तो स्वस्त ठरू शकतो. मात्र खर्च सारा पहिल्या दहा वर्षांत करावा लागतो आणि उत्पन्न पुढच्या शतकभर थेंबाथेंबाने येते. कर्जाऊ पैशाला पहिल्या दिवसापासून व्याज लागते. व्याजाच्या गणितात साठ वर्षांनी मिळणाऱ्या रुपयाची आजची किंमत काही पैसे एवढीच राहते. नातवंडांना मिळणारी स्वस्त वीज अशा रीतीने कागदावर जवळजवळ शून्य होऊन जाते. दूरचे हित इतके क्षुल्लक करून टाकणारी ही हिशेबाची पद्धत नैतिकदृष्ट्या योग्य आहे का, हा प्रश्न भरतीच्या विजेने जितक्या स्पष्टपणे समोर आणला तितका क्वचितच दुसऱ्या कशाने आणला असेल.

गंमत अशी की, हाच दूरच्या काळाचा युक्तिवाद बंधाऱ्याच्या विरोधकांनाही वापरता येतो. सेव्हर्नच्या ओहोटीत उघड्या पडणाऱ्या चिखलपट्ट्यांवर हिवाळ्यात हजारो स्थलांतरित पाणपक्षी पोट भरतात. साल्मनसारखे मासे तिथून नदीत चढतात. बंधाऱ्यामुळे पाणी पूर्वीइतके उतरणार नाही आणि चिखलाचा मोठा भाग कायमचा पाण्याखाली जाईल. म्हणजे ज्या प्रकल्पाचे समर्थन पुढच्या पिढ्यांच्या नावाने होते, त्याला विरोधही पुढच्या पिढ्यांच्याच नावाने होतो. हवामानबदलाच्या काळात धूर न सोडणारी वीज आणि जिवंत खाडी यांत निवड करावी लागणे, हे खरे धर्मसंकट आहे. त्यातील एका बाजूला खलनायक ठरवून ते सुटत नाही.

मग सिहवाचे केंद्र कसे झाले? तेथील हकिगत उलट दिशेने जाते. दक्षिण कोरियाने १९९४ मध्ये १२.७ किलोमीटर लांबीची भिंत घालून समुद्राचा एक भाग तोडला. आत गोड्या पाण्याचे सरोवर करून शेतीला पाणी द्यायचे, हा बेत होता. परंतु कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी त्यात कोंडले गेले आणि सरोवर सडले. अखेरीस समुद्राचे पाणी पुन्हा आत घेण्याचा निर्णय झाला. भिंत तर बांधलेलीच होती, पाणी आत येणारच होते; त्याच्या वाटेवर दहा टर्बाइन बसवली, आणि २०११ मध्ये जगातील सर्वांत मोठे भरती-वीजकेंद्र सुरू झाले. तिथे दरवर्षी सुमारे ५५ कोटी युनिट वीज मिळते आणि सरोवराचे पाणीही सुधारले. खाडीचा श्वास आधीच कोंडला गेला होता, तो मोकळा करताना वीज मिळाली. म्हणून तिन्ही वेळांचा मेळ इथे बसला. पण असा मेळ बसावा म्हणून आधी एक खाडी मारा, असे कोणी सुचवणार नाही. कॅनडातील ॲनापोलिस रॉयल येथील अनुभव याच्या नेमका विरुद्ध आहे. फंडीच्या उपसागरातील जगप्रसिद्ध उंच भरतीचा उपयोग करणारे तेथील २० मेगावॉटचे केंद्र १९८४ मध्ये सुरू झाले. टर्बाइनमध्ये मासे मरतात हा आक्षेप त्याच्यावर होताच. २०१९ मध्ये यंत्रात बिघाड झाला, आणि माशांच्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर नसल्यामुळे ते पुन्हा सुरू झाले नाही.

भारताच्या संदर्भात या प्रश्नाचे स्थान प्रामुख्याने गुजरातच्या दोन आखातांत आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासमार्गदर्शिकेत भडोचच्या वाटेवरील भरतीचे वर्णन येते. पाणी गर्जना करीत एकाएकी कसे चढते, नवखी जहाजे कशी उलटतात आणि म्हणून राजाच्या सेवेतील कोळी पुढे जाऊन परक्या जहाजांना कशी वाट दाखवतात, हे त्या अनामिक व्यापाऱ्याने बारकाईने सांगितले आहे. आजची मोजमापे त्याला दुजोरा देतात : खंबातच्या आखातात फरक कमाल ११ मीटर आणि सरासरी पावणेसात मीटर, कच्छच्या आखातात कमाल ८ आणि सरासरी सव्वापाच मीटर. केंद्रीय वीज प्राधिकरणाने १९८० च्या दशकात कच्छच्या आखातात, कांडल्याजवळ, ९०० मेगावॉटच्या बंधाऱ्याचा सविस्तर अभ्यास केला. वर्षाला सुमारे १६९ कोटी युनिट मिळतील असा अंदाज होता. तो बंधारा झाला नाही. याच आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर, प्रवाळ आणि खारफुटी यांच्या रक्षणासाठी, १९८२ मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यान घोषित झाले होते, हेही इथे नोंदवले पाहिजे. खंबातच्या आखातावरील ‘कल्पसर’ योजनेच्या आरंभीच्या आराखड्यांत भरतीच्या विजेला स्थान होते. पुढे तिचा रोख गोड्या पाण्याच्या साठ्याकडे वळला.

एकविसाव्या शतकात अपेक्षा लहान झाल्या. सुंदरबनातील दुर्गादुआनी खाडीवर ३.७५ मेगावॉटचा प्रकल्प २००७-०८ च्या सुमारास मंजूर झाला, आणि खर्च प्रति मेगावॉट सुमारे साडेत्रेसष्ट कोटी रुपयांवर गेल्यावर गुंडाळला गेला. कच्छच्या आखातातील ५० मेगावॉटची योजना २०११ मध्ये जाहीर झाली. तीही महाग म्हणून बारगळली. दरम्यान सौरविजेची किंमत झपाट्याने उतरली. ज्या देशात वर्षातील बहुतेक दिवस ऊन असते, तिथे या दोन किमती शेजारी ठेवल्यावर निर्णय काय होणार हे सांगायला नको.

बंधारा न घालता वाहत्या भरतीच्या प्रवाहात, पवनचक्कीसारखे, एकेकटे टर्बाइन उभे करणे हा अलीकडचा मार्ग आहे. त्यात खाडी मोकळी राहते आणि खर्च टप्प्याटप्प्याने करता येतो. विशेष म्हणजे अशा यंत्राचा एक महत्त्वाचा प्रयोग त्याच स्ट्रँगफर्डच्या खाडीत झाला, जिथे सातव्या शतकातील साधूंची चक्की होती. १.२ मेगावॉटचे ते यंत्र २००८ मध्ये बसवले गेले आणि २०१९ पर्यंत काढूनही टाकले गेले. स्कॉटलंडच्या उत्तरेला पेंटलंडच्या सामुद्रधुनीत चार यंत्रांचा ६ मेगावॉटचा संच २०१० च्या दशकात उभा राहिला. यांतही मर्यादा आहेतच. प्रवाहाची ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात असल्याने अतिवेगवान सामुद्रधुन्याच उपयोगी पडतात. आणि तिथल्याच वेगात यंत्र टिकवणे, दुरुस्त करणे सर्वांत कठीण. बॅटऱ्या स्वस्त होत असल्यामुळे भरतीच्या विजेची अवेळ आता पूर्वीइतकी जाचक राहिलेली नाही, हे खरे. पण त्याच बॅटऱ्या उन्हाच्या आणि वाऱ्याच्याही उपयोगी पडतात.

भरतीच्या शक्तीला आपण चंद्राची देणगी म्हणतो. वस्तुतः चंद्र निमित्तमात्र आहे. ऊर्जा येते ती पृथ्वीच्या स्वतःच्या फिरण्यातून. सागरांच्या घर्षणाने पृथ्वीची गती अतिसूक्ष्म प्रमाणात मंदावते, दिवस शतकाला साधारण दोन सहस्रांश सेकंदांनी लांबतो, आणि चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर दूर जातो. समुद्रांत असा खर्च होणारा शक्तीचा प्रवाह सुमारे ३७ लाख मेगावॉट आहे. एवढा आकडा ऐकला की ‘अक्षय’, ‘फुकट’, ‘अमर्याद’ ही विशेषणे जिभेवर येतात. परंतु यातील अगदी थोडा अंश मोजक्या खाड्यांत एकवटतो, आणि तो अंश रिकामा पडलेला नसतो. तो गाळ हलवतो, चिखल उघडा करतो, अंडी आणि बीजे वाहून नेतो, पक्ष्यांचे ताट वाढतो. आपण ज्याला वाया जाणारी ऊर्जा समजतो, ती खाडीने आधीच कामाला लावलेली असते. त्यामुळे तिच्यातील वाटा मागताना तो ‘मोफत’ मिळेल असे गृहीत धरणे, हीच या इतिहासातील मूळ चूक दिसते.

गोव्यातील खाजण जमिनींची व्यवस्था या दृष्टीने विचार करण्यासारखी आहे. चिखल आणि जांभा दगड यांचे बांध, आणि त्यांत ‘मानस’ नावाची लाकडी दारे. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने दार मिटते, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. आत भात पिकते, दाराशी मासे मिळतात, बांधाची राखण गाव करतो. तिथे वीज नाही, आणि दोन मीटरच्या भरतीत ती फारशी मिळणारही नाही. ही व्यवस्थाही निसर्गात ढवळाढवळ करणारीच आहे. बांध घालून माणसाने समुद्राची जमीन घेतली आहे. मात्र तिची देवघेव रोजची आणि डोळ्यांसमोरची आहे. पाण्याने केव्हा यावे हे तिथे पाणी ठरवते, आणि किती आत यावे हे माणूस ठरवतो. बांध दुर्लक्षित राहिला तर त्याची शिक्षा पुढच्या पिढीपर्यंत थांबत नाही. त्याच हंगामात शेत खारे होते.

भरतीच्या विजेचे भविष्य याच प्रमाणात पाहिले पाहिजे. आधीच बांधलेल्या समुद्रभिंती, वेगवान सामुद्रधुन्या, मुख्य वीजजाळ्यापासून दूर असलेली बेटे, अशा ठिकाणी तिला स्थान आहे, आणि तिची वक्तशीर साथ सूर्य-वाऱ्याच्या लहरीपणाला पूरक ठरू शकेल. जगाला पुरून उरणारी शक्ती म्हणून तिच्याकडे पाहणाऱ्यांची निराशा गेली शंभर वर्षे होत आली आहे, आणि यापुढेही होईल. रान्सची चोवीस यंत्रे मात्र साठ वर्षांनंतरही पाण्याची वाट पाहून, पाणी आले की फिरतात. ती बांधणाऱ्या पिढीने खाडीकडून किती घेतले हे आता आपल्याला ठाऊक आहे. पुढचा बंधारा कोणी मागेल तेव्हा हा हिशेब आधी मांडला जावा, एवढी अपेक्षा रास्त आहे.